गाणं दिसतं तेव्हा

मोबाइलच्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खरज बाहेर पडतच नाही. तरी तो आपल्याला ऐकू येतो. शास्त्रीय संगीताचे व्हिडिओ मोबाइलवर पाहण्यात मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. काळी एक म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं. तानपुऱ्याची चौथी, जाड पितळी तार म्हणजे खरज. ती या षड्जाच्या बरोबर निम्म्यावर लावतात, म्हणजे सुमारे ६९ कंपनं. आता मोबाइलच्या तळाशी दडलेला तो एवढासा स्पीकर पाहा. इतक्या संथ कंपनांनी खोलीभर हवा हलवायची तर मोठा पडदा लागतो, तो त्याच्याकडे नाही. साधारण ३००-४०० कंपनांच्या खाली त्याचा दम तुटतो. हिशेबाने पाहिलं तर खरज सोडाच, गायकाचा मध्य षड्जसुद्धा हरवायला हवा. मग हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत एखाद्याने ओट्यावर मोबाइल टेकवून भीमसेन जोशी लावले, की तो भरदार षड्ज येतो कुठून?

तो तयार होतो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. ६९ कंपनांची तार छेडली की तिच्यातून फक्त ६९ निघत नाहीत. १३८, २०७, २७६, ३४५, ४१४ असे पटीपटीने चढत जाणारे उपस्वरही सोबत निघतात. मोबाइल खालचे गाळतो आणि वरचे ऐकवतो. पण ऐकू आलेल्या प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधलं अंतर ६९च राहतं. कयाधू नदीच्या वाळूत उमटलेल्या पावलांमधलं अंतर पाहून चालून गेलेल्या माणसाच्या उंचीचा अंदाज बांधावा, तसा मेंदू या अंतरावरून मूळ स्वर ओळखतो आणि तो ऐकल्याची खात्रीही आपल्याला देतो. आपण रियाज केलेला नसतो, राग ओळखता येत नसतो, तरी हा हिशेब दर क्षणाला बिनचूक चालू असतो.

यात तानपुऱ्याचीही मोठी मदत आहे. इतके उपस्वर सांडणारं वाद्य शोधून सापडायचं नाही. त्याची घोडी सपाट आणि किंचित उतरती असते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा सापडली, की तार घोडीला पुसटशी घासत वाजते आणि जवारी, म्हणजे उपस्वरांनी भरलेली ती झंकार, खुलते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती, तेव्हा, १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तारेच्या शास्त्राचा जुना नियम असा, की तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर त्या नादात येणार नाही. रामन यांनी दाखवलं की तानपुरा हा नियम पाळत नाही. जो उपस्वर असायला नको तोही स्वच्छ ऐकू येतो, आणि हे घडवून आणते ती घोडी. मिरजेच्या कारागिरांनी ही घोडी घासायचं कसब पिढ्यानपिढ्या हातात ठेवलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिरा का होईना, योग्य ठिकाणी गेलं.

मोबाइल रिकाम्या पातेल्यात किंवा पितळी गडव्यात ठेवून गाणं ऐकण्याची युक्ती आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. त्याने आवाज मोठा होतो हे खरं. पण भांडं मधल्या पट्टीतल्या स्वरांनाच घुमवतं. खरज तरीही येत नाही. त्याऐवजी कानात नीट बसणारे साधे इअरफोन लावून पाहा. कानाच्या बंद पोकळीत हवा एवढी थोडी असते की चिमुकला पडदाही ती हलवू शकतो. आतापर्यंत डोक्यात तयार होत असलेला खरज एकदम प्रत्यक्ष हजर होतो. तोच व्हिडिओ आधी स्पीकरवर आणि लगेच इअरफोनवर ऐकला, तर थेट बैठकीच्या बिछायतीवर बसल्यासारखा फरक पडतो. तबलजीच्या डग्ग्यालाही अचानक पोट येतं.

टाळेबंदीच्या काळात गाण्याच्या शिकवण्या व्हिडिओ कॉलवर गेल्या, तेव्हा तानपुऱ्याची आणखी एक गंमत उघडी पडली. कॉलच्या सॉफ्टवेअरला पंखा, कूलर, मोटार यांचा आवाज गाळायला शिकवलेलं असतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट, आणि जो थांबत-बदलत येतो तो माणूस, असा त्याचा ढोबळ न्याय. त्या न्यायाने तानपुरा हा गोंगाट ठरला. गुरुजी तानपुरा लावून बसलेले आणि शिष्याला तो ऐकूच येत नाही, असे प्रसंग घरोघरी घडले. लांब धरलेला षड्जसुद्धा काही सेकंदांनी विरायला लागायचा, कारण तोही फार वेळ स्थिर राहिला! ज्या स्थिरतेसाठी गायक वर्षानुवर्षं पहाटे उठतो, तिलाच यंत्र दोष समजलं. सेटिंगमध्ये जाऊन हे गाळणं बंद करता येतं, हे कळेपर्यंत बऱ्याच जणांचे काही आठवडे गेले.

गुरू-शिष्यांना एकत्र गाता न येण्याचं कारण मात्र सेटिंगमध्ये नव्हतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांचा स्वर काही सहस्रांश सेकंदांत मिळतो. दहा मीटरांवर बसलात तर सुमारे तीस सहस्रांश लागतात, आणि त्याच्या आसपासच लय सांभाळणं जड जायला लागतं. इंटरनेटवरून आवाज जाऊन परत यायला सहज शंभर-दीडशे सहस्रांश लागतात. म्हणजे वसमतची विद्यार्थिनी पडद्यावर गुरूंच्या समोर दिसत असली, तरी लयीच्या हिशेबाने ती वीस-पंचवीस मीटर लांब उभी असते. म्हणून ऑनलाइन तालीम 'मी म्हणतो, मग तू म्हण' अशीच चालते.

कळमनुरी-वसमतची नावं ज्या हिंगोलीमुळे घेतली, तिच्याकडे आता वळतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं तर रात्रभराचा प्रवास. ज्यांना ऐकायचंच असायचं ते आकाशवाणी परभणीवर अवलंबून असत, नाहीतर नांदेड गाठत. बहुतेकांनी शास्त्रीय गायक गाताना प्रथम पाहिला तो १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या एकात्मतेच्या त्या प्रसिद्ध गीतात: भीमसेन जोशी, काही सेकंद. पुढचा तासभर कुठे मिळणार, हे सांगणारं कोणी नव्हतं.

यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्हाला बुवा शास्त्रीय कळत नाही." मला ते पटत नाही. या भागात सप्ताहाच्या मंडपात वाढलेल्या माणसाचा कान कोरा नसतो. भजनी मंडळाच्या चाली भूप, यमन, भीमपलास, मालकंस या रागांत फिरत असतात आणि शेवट भैरवीने होतो. नाव माहीत नसतं, पण वाट पायाखालची असते. पखवाज तर घरचाच. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतूनच पुढे आले, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांचा पखवाज ध्रुपदाच्या साथीला ऐकायला मिळतो. धारवाडपासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेल्या घराण्यांच्या नकाशावर मराठवाडा ठळक दिसत नाही, एवढंच.

आणि हिंगोलीला रागांशी नातं सांगायला तर त्याहून मोठा पुरावा आहे. कयाधूकाठचं नरसी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानशी त्यांचं नाव जोडलं गेलं, आणि गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची पदं घेतली. गुरू ग्रंथसाहिबात ती एकसष्ट आहेत. या ग्रंथाची मांडणी विषयांप्रमाणे किंवा कवींप्रमाणे केलेली नाही. मुख्यतः ती रागांप्रमाणे आहे. नामदेवांची पदं अठरा रागांखाली विखुरलेली सापडतात: आसा, गुजरी, सोरठ, धनासरी, तोडी, बिलावल, रामकली, बसंत, सारंग, मल्हार, प्रभाती… नरसीच्या माणसाचं काव्य चारशे वर्षांपूर्वी रागवार लावून ठेवलेलं आहे, हे मला कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा यादी तपासली होती.

आज अमृतसरच्या हरमंदिर साहिबमधलं कीर्तन रोज थेट दिसतं. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्यासाठी २०२३ मध्ये स्वतःची यूट्यूब वाहिनी सुरू केली. पहाटे ते लावून ठेवलं आणि वाट पाहिली, तर केव्हातरी नामदेवांचं पद कानावर येतंच. नरसीत बसून ते ऐकण्यात जी मौज आहे ती जगात दुसरीकडे कुठे बसून यायची नाही.

औंढ्याची कथा तर सगळ्यांना पाठ. नामदेव नागनाथापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं. ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं. नंदी आपल्या जागी राहिला, म्हणून तो आज मागे आहे, असं सांगतात. कथा भक्तीची आहे, पण तिच्यात बैठकीचा एक जुना प्रश्नही आहे: गाणाऱ्याचं तोंड कोणाकडे? दरबारात ते राजाकडे असायचं, जलशात पुढच्या रांगेकडे. मागे बसलेल्याला पाठमोरे साथीदार आणि खांब दिसत. कॅमेऱ्याने यात जे केलं ते साधं नाही. तो गाणाऱ्यापासून दोन हात अंतरावर जाऊन बसला आणि ती जागा त्याने सगळ्यांना दिली.

त्या जागेवरून काय दिसतं? मुख्य म्हणजे हात.

एक प्रयोग करा. भीमसेनांचा एखादा बडा ख्याल लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. दोन मिनिटं नुसते हात पाहा. तळवा हवेतलं काहीतरी ओढतो, ताणतो, मुठीत घेतो, सोडून देतो. आवाज परत सुरू केलात की लक्षात येतं, ओढली जात होती ती मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी, आणि मुठीत आलेला तो षड्ज होता. मॅट राहाइम हा अमेरिकन अभ्यासक स्वतः हिंदुस्थानी गायन शिकला आणि २०१२ साली त्याने या हातांवरच पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की हात एकेक स्वर दाखवत नाहीत. स्वरवाक्याचा घाट, त्याचा ओघ आणि ताण दाखवतात. आणखी रंजक भाग म्हणजे शिष्यांमध्ये गुरूंचे हात उतरतात, कोणी शिकवलेले नसताना. बंदिश मुद्दाम दिली जाते, हात आपोआप जातात. गुरू आणि शिष्य यांचे दोन व्हिडिओ लागोपाठ आवाज बंद करून पाहिले तर घराणं डोळ्यांनी ओळखायचा खेळ खेळता येतो. मला तो कधी जमतो, कधी साफ फसतो.

डोळे कानात ढवळाढवळ करतात हे विज्ञानाला १९७६ पासून चांगलं माहीत आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी पडद्यावर 'ग' म्हणणारे ओठ दाखवले आणि आवाज 'ब'चा लावला. बहुतेक प्रौढांना 'ड' ऐकू आलं, जे कोणी म्हटलंच नव्हतं. गुपित माहीत असूनही 'ड'च ऐकू येत राहतं. २०१३ साली चिया-जुंग त्साय हिने याहून झोंबणारा प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीताच्या स्पर्धांचे तुकडे तिने लोकांना दिले. काहींना फक्त आवाज, काहींना फक्त मूक चित्र. विजेता कोण हे मूक चित्रवाल्यांनी जास्त अचूक ओळखलं, आणि त्यात मुरलेले संगीतकारही होते. यावरून 'संगीतात दिखावाच चालतो' असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला तो घाईचा वाटतो. शरीर जे करतं त्यातही संगीत असतं, एवढंच मी त्यातून घेतो.

ताल शिकायला तर डोळे फारच कामाला येतात, आणि इथे मोबाइलचं वैगुण्य भरून निघतं. तीनताल घ्या. सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर काल, म्हणजे खाली. ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत 'तिं तिं ता ता' असे बोल येतात आणि डग्गा गप्प बसतो. चौदाव्या 'धिं'ला तो परत बोलतो. बैठकीत हे अंगावर कळतं. घुमारा थांबला की जमीन थोडी सरकल्याचं जाणवतं आणि तो परतला की सम जवळ आल्याची चाहूल लागते. मोबाइलमध्ये घुमारा मुळातच नसतो, त्यामुळे 'धिं' आणि 'तिं' कानाला जवळजवळ सारखे. पण तबलजीचा डावा हात दिसतो! मनगट टेकून खोल बोलणारा हात खालीत हलका होतो, नुसता टिकल्या मारतो. दोन-तीन आवर्तनं त्या एका हाताकडे पाहिलं की काल सापडतो, आणि एकदा सापडला की हरवत नाही.

विलंबित एकतालात कसोटी मोठी. मात्रा बाराच, पण एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं. नवख्याला समेचा पत्ताच लागत नाही. शहरातल्या मैफलीत शेजारी बसलेल्या जाणत्याचा हात मांडीवर पडतो आणि कळतं. सेनगावात रात्री एकट्याने ऐकणाऱ्याच्या शेजारी तो जाणता नसतो. मग मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांकडे पाहावं. त्यांची मान समेच्या आधी किंचित वर जाते आणि समेवर खाली येते. संवादिनीवाल्याची नजर गायकाच्या ओठांवरून तबलजीकडे वळली, की समजावं मुखडा येतोय. या नजरेचं व्याकरण पुढच्या रांगेतल्या रसिकालाही इतकं जवळून दिसत नव्हतं. फक्त चित्रीकरण करणाऱ्यांना एक विनंती: नेमक्या समेवर कॅमेरा प्रमुख पाहुण्यांकडे किंवा फुलांच्या कुंडीकडे नेऊ नका. पाहुणे कुठे जात नाहीत.

चित्रण चांगलं कसं असावं याचा धडा मात्र आपल्याला इंग्लंडमधून मिळाला. लेस्टरमध्ये २००६ साली दरबार महोत्सव सुरू झाला, तबलावादक आणि शिक्षक भाई गुरमीतसिंग विरदी यांच्या स्मरणार्थ, त्यांचे चिरंजीव संदीप विरदी यांच्या पुढाकाराने. त्यांनी सुरुवातीपासून मैफलींचं ध्वनिचित्रमुद्रण मनापासून केलं: बोटं दिसतात, जवारी ऐकू येते. उल्हास कशाळकर, अश्विनी भिडे-देशपांडे, वेंकटेश कुमार यांना तिथे जवळून पाहता येतं. कशाळकर तर आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. नामदेवांची पदं इथून पंजाबात गेली. पंजाबी घरातल्या माणसांनी लेस्टरमध्ये मैफल मांडली. पांढरकवड्याचा गायक तिथे गायला. आणि ते सगळं जिंतूर रोडवरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर बसून दिसतं. इतका मोठा वळसा कुठल्या तानेनेही घेतला नसेल.

यंत्रातून गाणं शिकता येत नाही, ते गुरूसमोरच शिकावं लागतं, असं म्हणणाऱ्यांचं खरं आहे. पण यंत्रामुळे गुरूचा पत्ता लागतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण भीमसेनच. गदगच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी त्याच्या कानावर पडली, झिंझोटीतली ठुमरी, आणि अकराव्या वर्षी, १९३३ साली, तो गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. पुढे कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तालीम आणि १९५३ पासून त्यांच्या नावाने पुण्यातला महोत्सव. साडेतीन मिनिटांच्या तबकडीतून हे सगळं निघालं. भारतात मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं, फ्रेड गायसबर्गने गौहरजानचा आवाज घेतला तेव्हा. तासभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत गाऊन दाखवायचं आव्हान त्या पिढीने पेललं, आणि त्या तबकड्या आजही ऐकताना छाती दडपते.

सगळ्यांनी पेललं नाही, काहींनी नाकारलं. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ सालापर्यंत हयात होते, पण त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्याही फार काटेकोर. आणि नशिबाची गंमत अशी, की त्यांनी गायलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. पहिलं व्हॉयेजर आता पृथ्वीपासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांच्याही पुढे आहे. गुरूंचा स्वर पृथ्वीवर शिल्लक नाही, शिष्येचा सूर्यमालेच्या वेशीबाहेर पोचला.

मुलाखतींबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. गायकाने शब्दांत काय सांगितलं याला मी दुसरा मान देतो. पहिला मान त्या क्षणाला, जेव्हा शब्द अडतात. प्रश्न विचारला जातो, गायक दोन वाक्यं बोलतो, थांबतो, हात वर जातो आणि मग "म्हणजे असं बघा" म्हणून गाऊन दाखवतो. ते चार सेकंदांचं उत्तर कुठल्याही पुस्तकात छापता आलं नसतं. दोन रागांचे स्वर तेच असताना राग वेगळे कसे, भूप आणि देशकार, हे वाचून समजत नाही. गायकाने एकदा भूपाचा गंधार आणि लगेच देशकाराचा धैवत लावून दाखवला, की वाद मिटतो.

दूरदर्शनचे जुने खजिने प्रसार भारतीच्या वाहिनीवर हळूहळू खुले होत आहेत. शिवाय माहितीपट: मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर नंदन कुढ्याडींचा 'रसयात्रा', कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांचा 'हंस अकेला', किशोरी आमोणकरांवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज'. कुमारांना पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तरुणपणीच क्षयाने त्यांना गाठलं, देवासला काही वर्षं गाणं बंद होतं आणि एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. त्यानंतरचं त्यांचं गाणं छोट्या, झेपावणाऱ्या तुकड्यांचं आहे. ते शैलीतून आलं की श्वासातून, यावर जाणकार आजही बोलतात. कॅमेरा जवळ असतो तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. खांदे उचललेले दिसतात, श्वास घेतलेला दिसतो आणि त्याच श्वासात तार षड्जावर टाकलेली झेपही दिसते. किशोरीताईंनी 'स्वरार्थरमणी' या आपल्या ग्रंथात जो विचार मांडला तो वाचायला अवघड आहे. पण त्या बोलता बोलता स्वरमंडलाच्या तारांवर बोटं फिरवून एखादा स्वर लावतात, तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं ते निदान अर्धं तरी समजतं.

शेवटी एका बटणाबद्दल, ज्याचं कौतुक कोणी करत नाही. व्हिडिओचा वेग निम्मा करायचं बटण. तबकडीचा वेग निम्मा केला असता तर आवाज सप्तकभर खाली उतरून रेड्यासारखा झाला असता. मोबाइलमध्ये तान संथ होते, षड्ज जागचा हलत नाही. यामागचं मूळ गणित १९६६ सालचं, बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांचं: ध्वनीचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात कोणते स्वर किती आहेत ते मोजायचं आणि तेच स्वर जास्त वेळ वाजवून पुन्हा जुळवायचे. त्या दोघांचा विचार टेलिफोनवरच्या बोलण्याचा होता. त्यांच्या गणिताने आज कुणी शिकाऊ गायिका मालकंसातली गमकाची तान उलगडून पाहते, आणि तिला दिसतं की जो स्वर सरळ वाटत होता तो खालच्या स्वराला धक्का देऊन येतोय.

याच्या पुढची पायरी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने (एनसीपीए) ॲम्स्टरडॅम विद्यापीठासोबत गाठली. सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी गाण्याची हलती रेघ पडद्यावर उमटवणारा प्रकल्प केला. गाणं चालू असतं आणि स्वराची उंची रेघेने दिसत राहते. दरबारीचा कोमल गंधार तिथे पाहावा. पेटीवर तो एका पट्टीत संपतो. रेघेवर तो एका जागी थांबतच नाही, लाटेने खालीवर झुलतो, रिषभाकडे झुकून परत येतो. पेटीत न मावणारा गंधार म्हणजे काय ते एका नजरेत समजतं.

हे सगळं पाहून झाल्यावर प्रत्यक्ष मैफलीला जावंसं वाटलं, तर नांदेड जवळ आहे. फेब्रुवारीत तिथे संगीत शंकर दरबार भरतो. तबलजीचा डावा हात आणि मागच्या शिष्यांच्या माना दिसतील अशी जागा हवी असेल, तर बस जरा लवकरची पकडा. पुढच्या सतरंजीवर नांदेडचे रसिक आधीपासून मांडी घालून बसलेले असतात.